न्हावीबुवांचं इंग्रजी

रविवार, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे. भावोजींचा खोकला आणि तुझा गुडघा कसा आहे ते कळव. आईला सांग, स्वेटर रोज घालतो. (खरंच घालतो.) बाळीचे पुढचे दात आले का?

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. फोन का उचलत नाही, आणि "त्या तुझ्या मित्राचं वर्णन किती वाचायचं, एक फोटो पाठव की!" सांगतो. जरा क्रमाने सांगू दे.

माझं इंग्रजी तुझ्या हाताखालचं. नववीत तुझी शाळा सुटली तरी तू भाजी निवडता निवडता स्पेलिंगं पाठ करून घ्यायचीस. त्यामुळे इथे विलायतेत, वृद्धाश्रमातल्या नोकरीत, लिहिण्यात मी कुणाला हार जात नाही. खोल्यांच्या दारांवरच्या पाट्या मीच लिहितो. पण तोंड उघडलं की पंचाईत. स्वयंपाकी म्हणतो, "हा बोलत नाही, अर्ज करतो." जेवणाच्या सुट्टीत सगळे एका टेबलाशी बसून भराभर बोलतात, हसतात. मी डबा घेऊन धुलाईच्या खोलीत जातो. तिथे यंत्रांचा आवाज असतो, पण त्यांना उत्तर द्यावं लागत नाही.

म्हणून ठरवलं, यांच्यासारखं सैल बोलायला शिकायचं. आणि मला मित्र भेटला. केसांचा शौकीन, बोलका, थट्टेखोर, असं मी तुला लिहिलं ते सगळं खरं आहे. फक्त वय लिहायचं राहिलं. ताई, तो नव्वदीला टेकला होता.

जन्मभर न्हावी. रोज सकाळी त्यांची दाढी मी करायचो. "वस्तरा धरलायस की कुदळ?" म्हणायचे, आणि तोंडाला फेस असतानाच मला बोली शिकवायचे. ठीक आहे म्हणू नकोस, 'हंकी-डोरी' म्हण. म्हणजे आपलं झकास. निघताना 'टूडलू'. दोस्ताला 'ओल्ड बीन'. मी आरशासमोर घोटून घोटून पाठ केलं.

मग एके दिवशी डबा घेऊन टेबलाशी गेलो. स्वयंपाक्याने विचारलं, "काय रे, कसं काय?"

"हंकी-डोरी, ओल्ड बीन!"

आधी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चमचे आपटून हसले. "अरे, माझ्या आजीची आजी असं बोलायची!" त्या दिवसापासून माझं नाव 'आजोबा'. "या आजोबा, काठी कुठे ठेवली?"

मी न्हावीबुवांना सांगितलं. ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "ते शब्द मेले होय? मग मला कुणी कळवलं का नाही?"

त्यानंतर स्वयंपाकघरातल्या पोरीचं ऐकून मी नवे शब्द उचलले. एका सकाळी त्यांनी विचारलं, कसा आहेस, तर मी म्हटलं, "चिल, ब्रो." त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"टेबलावर जागा मिळाली वाटतं?"

"नाही."

"मग माझ्याशी तरी आपल्या भाषेत बोल."

मागच्या पत्रात मी लिहिलं की मित्र बाहेरगावी गेला. तसं नाही. मी गरम पाणी घेऊन गेलो तेव्हा चादरी काढलेल्या होत्या आणि गादी उघडी होती. पाणी तसंच हातात घेऊन उभा राहिलो. दारावरची पाटी मलाच काढायला सांगितली.

परवा त्यांची मुलगी सामान न्यायला आली. तिचेही केस पांढरे. शर्टांच्या घड्या घालता घालता तिने सहज विचारलं, "कसा आहेस, बाळा?" घाबरलो की माझ्या तोंडून पाठ केलेलंच निघतं. म्हणालो, "हंकी-डोरी."

ती पलंगावर बसली. मला वाटलं, रागावली.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. मी म्हटलं. "आणखी बोल. काहीही बोल."

मग मी वस्तऱ्याचं सांगितलं, कुदळीचं सांगितलं, धुलाईच्या यंत्रांचं सांगितलं, सगळं त्यांच्या बोलीत. ती डोळे मिटून ऐकत होती. इथे आल्यापासून इतका वेळ माझं कुणी ऐकलं नव्हतं. निघताना दारातून तिनेच म्हटलं, "टूडलू." माझं नाव विचारायचं मात्र राहिलं.

न्हावीबुवा गेल्यापासून टेबलावर मला सरकून जागा देतात. पण मी पुन्हा यंत्रांपाशीच बसतो. ती बोली बोलायला कुणी उरलं नाही, आणि दुसरी जिभेवर येत नाही.

फोन मी यासाठी उचलत नव्हतो की तू 'कसा आहेस' विचारशील, आणि आपल्या मराठीत मला पाठ केलेलं उत्तर देता येत नाही.

हे पत्र हातात पडेल त्या संध्याकाळी फोन कर. उचलेन. काही विचारू नकोस, नुसतं बोल. दूधवाल्याशी कशावरून भांडलीस, बाळीने काय फोडलं, काहीही. मी डोळे मिटून ऐकेन.

पत्र दोनदा तपासलं आहे. तरी ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल, तर तेही फोनवरच रागाव.

तुझाच,
धाकटा