वालाला मोड येईपर्यंत

शहाड, शनिवार, संध्याकाळ

काल संध्याकाळी टोरांटोहून लेकीचा फोन आला, "आई, इथली रात्र झाली की विमानात बसते!" तशी मी लगेच वाल भिजत घातले. सकाळी उपसून फडक्यात बांधले. हे दिवसभर मोबाईलवर विमान बघतायत. "अगं, साडेबारा हजार किलोमीटरमधले चारच हजार राहिले!" मला किलोमीटर काय कळणार? मी आपली फडकं सोडून वाल बघते. परत बांधते, परत सोडते, वेडी कुठली! आत्ता पाहिलं तर मोड डोकावलेत. म्हटलं, "अहो, ठेवा तो फोन. पहाटे येतेच ती."

मग हे वाल सोलायला बसायला लागले, तर हाकललंच मी. तीन वर्षं एकटीने सोललेत. उद्या आम्ही दोघी बसणार.