तेरा मणके आणि एक राजीनामा

३ मार्च
राजीनाम्याचं ठरलं. एकदम पक्कं. हॉस्पिटलच्या तळघरात बसून लोकांच्या पाठीचे बिलिंग कोड भरण्यात आयुष्य घालवणं आता बास. खोलीला खिडकी आहे, पण ती पार्किंगच्या जमिनीला लागून. दिवसभर टायर दिसतात. टायरवरून गाडी कुणाची ते मी ओळखतो. एवढी निरीक्षणशक्ती इथे वाया चाललीये.
मेहुणा जिम काढतोय. मॅनेजर लागेल म्हणाला. म्हणजे मीच, दुसरं कोण? बायकोला सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली. भारावली असावी.

४ मार्च
राजीनामा राहिला. मॅडमच्या केबिनमध्ये माणसं होती. अशी बातमी एकांतात द्यावी, साहेबलोकांना धक्का बसतो.
जाता जाता एक शेवटची केस. पंधरा वर्षांची मुलगी, पाठीचा कणा इंग्रजी ‘एस’सारखा वळलेला. सर्जन तेरा मणके सरळ करून रॉड आणि स्क्रूंनी जोडणार. त्याआधी विमा कंपनीची मंजुरी हवी, आणि ती आम्ही पाठवलेल्या कोडवर मिळते. बारा मणक्यांपर्यंत एक कोड, तेरापासून दुसरा. नवशिके नेमके इथेच घसरतात. मी चहा गार व्हायच्या आत केस पाठवून मोकळा.

१० मार्च
मंजुरी नाकारली. शस्त्रक्रिया गरजेची वाटत नाही म्हणे. अडाणी लोक! तीन पानी अपील लिहिलं. सुरुवातच अशी केली, ‘कणा म्हणजे काय?’ मॅडम म्हणाल्या, एक पान पुरलं असतं. त्यांचं लिखाण कोरडं आहे, त्याला मी काय करू?
राजीनामा अपिलाच्या निकालानंतर. काम अर्धवट टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही.

१३ मार्च
अपीलही परत. आणि आज खुद्द सर्जन तळघरात उतरले! असं कधी होत नाही. माझं नाव वरपर्यंत पोचलेलं दिसतंय.
त्यांनी विचारलं, हे कोणी भरलं? मी म्हणालो, सिस्टिमने. सिस्टिम कुठे बसते, असं त्यांनी विचारलं. मी खुर्ची जरा मागे घेतली.
मणके मी बरोबर तेरा लिहिलेत, हे कोणी लक्षातच घेत नाही. फक्त आजाराच्या जागी, वाकड्या कण्याऐवजी, पोक काढून बसायच्या सवयीचा कोड पडलाय. सर्च केलं की दोन्ही खालीवर येतात. ज्याने यादी केली त्याला धरा.
ऑपरेशन वीस तारखेला आहे. ही तारीख हुकली की पुढची काही महिन्यांनी, आणि तोवर बाक वाढणार, असं सर्जन म्हणाले. दार अगदी हळू लावून गेले. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१४ मार्च
ती मुलगी आली होती, सोबत तिची आत्या. शर्टाच्या आत काखेपासून कमरेखालपर्यंत पाठ सरळ धरून ठेवणारा प्लास्टिकचा ब्रेस. समोरच्या खुर्चीत ठोकल्यासारखी ताठ बसली. मी आत्याबाईंना प्रोसेस समजावून सांगत होतो, तेवढ्यात मुलगीच बोलली.
“काका, मी पोक काढून बसते असं तुम्ही लिहिलंय?”
मी म्हणालो, तसं नाही, तो एक कोड असतो.
“मला यात पोक काढताच येत नाही. दोन वर्षं झाली. एकदा तरी काढायचंय.”
मी त्या वेळी दोन्ही कोपरं टेबलावर टाकून, नाक स्क्रीनला लावून बसलो होतो. सरळ झालो. पाठ भरून आली.
ती गेल्यावर जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

१७ मार्च
विमा कंपनीचं म्हणणं, दुरुस्ती फक्त फोनवर होईल, आणि ज्याच्या आयडीने केस आली त्यानेच करायची. म्हणजे मलाच अडकवलं. दिवसभर होल्डवर. तेच ते संगीत. तीनदा कट झाला. चौथ्यांदा मीच ठेवला, स्वाभिमान म्हणून. पुन्हा रांगेत शेवटचा नंबर.

१८ मार्च, सकाळी
आजचा प्लॅन: बारापर्यंत फोन. एकला राजीनामा. चारला जिमचं उद्घाटन. नवा शर्ट घातलाय.

१८ मार्च, रात्री
बारा वाजले, एक वाजला, फोन कानालाच. बाथरूमलाही जाता येईना. मॅडमनी न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवला. बायकोचा मोबाइलवर फोन, सगळे खोळंबलेत. तू पुढे हो, आलोच, म्हणालो. खिडकीतून एकेक टायर निघून गेला.
ऑफिस बंद व्हायच्या बेतात असताना पलीकडे जिवंत बाई बोलली. चूक कोणाची म्हणून नोंदवू, असं तिने विचारलं. माझं उत्तर तयार होतं: सिस्टिम, यादी, अपुरा उजेड. पण हे सगळं ऐकलं तर ती पुन्हा होल्डवर टाकेल असं वाटलं. शिवाय ती ताठ बसलेली पोरगी डोळ्यांपुढून हलेना. म्हणालो, माझी.
लगेच काम झालं. मंजुरीचा नंबर तळहातावर लिहून घेतला.
जिममध्ये पोचलो तर खुर्च्या आवरणं चाललं होतं. बायको काउंटरवर मेंबरांची कार्डं भरत होती, समोर ही रांग. मेहुणा खुशीत. मॅनेजर मिळाला म्हणाला. मी म्हणालो, अरे, आलोय ना आता. तो म्हणाला, भावजी, मी ताईबद्दल बोलतोय.

२१ मार्च
ऑपरेशन काल झालं. मला कोणी कळवलं नाही, बिलासाठी नोंद खाली आली तेव्हा समजलं. तेरा मणके. शेवटची ओळ: शुद्धीवर आहे, दोन्ही पायांची बोटं हलवते. कोड भरायला या ओळीचा उपयोग नसतो. तरी पुन्हा पुन्हा वाचली.

२४ मार्च
बायको आता भल्या सकाळी जिमला जाते. निघताना म्हणाली, घरात एकाची नोकरी तरी धड असू दे. तिचं वाक्य मला उद्देशून नव्हतं असं मी समजतो.
तरीही राजीनामा खिशात घालून केबिनमध्ये शिरलो. मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, बरं झालं आलात. इतका वेळ फोन धरून बसणारा माणूस या ऑफिसला आजवर मिळाला नव्हता. कण्याच्या जेवढ्या केस नाकारल्या जातील, तेवढ्या यापुढे तुमच्याकडे.
ही बढती का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. पण ड्रॉवरमधून एक खोका काढून हातात दिला. हेडसेट. दोन्ही हात मोकळे राहतील म्हणाल्या.
खरंच राहतात. उठायला गेलं की वायर कान ओढते, एवढंच. सध्या होल्डवर आहे, म्हणून हे लिहिता येतंय.