हजेरीपटातले अकरा दिवस

प्रिय बयो,

एवढं जाड पाकीट बघून घाबरू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून ते स्वतःच जास्त कुरकुरतात, तेव्हा काळजीचं काही कारण नाही. गेल्या मंगळवारी मी शाळेत जाऊन आले. निवृत्त झाल्यावर नऊ वर्षांनी पहिल्यांदा. मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं. कशासाठी, ते पुढे लिहिते. हे मुख्याध्यापक म्हणजे माझाच विद्यार्थी, सातवीत शेवटच्या बाकावर बसून खडू खाणारा. आता टाय लावून ‘बाई, बसा ना’ म्हणतो, तेव्हा मला हसू आवरेना. मागचं मोकळं मैदान आता निम्मंच उरलंय, कुंपणाला खेटून इमारती आल्यात आणि मुलं कवायत करतात ती लोकांच्या वाळत घातलेल्या चादरींकडे तोंड करून. शिक्षकखोलीतलं माझं कपाट मात्र तसंच आहे, दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. जिन्याजवळ पहिल्या नंबरांचा फलक आहे. तुझं नाव अजून ठळक आहे. मुख्याध्यापकांनी मला मुद्दाम त्याच्यासमोर उभं केलं. एरवी मी खूश झाले असते.

मग त्यांनी नवी प्रयोगशाळा दाखवली. तिथे एक तरुण शिक्षिका दहावीच्या मुलांसमोर काचेच्या भांड्यात आम्ल घेऊन त्यात पाणी ओतायला निघाली होती. मागे उभ्या असलेल्या, पांढरा कोट घातलेल्या बाईने हळूच तिचा हात धरला आणि मुलांना ऐकू जाणार नाही इतक्या बेताने म्हणाली, ‘मॅडम, आम्ल पाण्यात. पाणी आम्लात नाही.’ शिक्षिकेची लाज राखून तिने भांड्यांची अदलाबदल केली. ती प्रयोगशाळा सहायक. गेली बारा वर्षं शाळेत आहे, मी असताना म्हणे दुसऱ्या इमारतीत होती, म्हणून कधी गाठ पडली नाही. तास संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘बाई, ओळखलंत का?’ बयो, ती शिट्टी होती.

तिचं हे नाव तूच ठेवलं होतंस. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की मैदानाच्या पलीकडचा शिपाई दचकायचा. शाळेसमोर तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तुम्ही दोघी पाचवीपासून एका बाकावर, एका डब्यात, एका छत्रीत. आपल्या घरी ती यायची तेव्हा तू गणित तिच्याकडून समजून घ्यायचीस आणि मला सांगायचीस, ‘आई, तू शिकवतेस त्यापेक्षा ही सोपं सांगते.’ मी हसायचे. ते हसू कसलं होतं, ते आता लिहायला बसलेय.

आठवीनंतर तुकड्या पडायच्या, आठवतं? ‘अ’ तुकडीला पूर्ण विज्ञान आणि प्रयोग, ‘ड’ला नुसतं वरवरचं, पुस्तकापुरतं. तुकड्या गुणांवर ठरत, पण रजा न मांडता दहापेक्षा जास्त दिवस गैरहजेरी लागली असेल तर गुण कितीही असोत, ‘ड’. शिट्टी ‘ड’मध्ये गेली. यादी लागली त्या दिवशी तू रडवेली होऊन शिक्षकखोलीच्या दारात आलीस, आणि मी तुला म्हटलं, ‘तिनेच मागून घेतलीय ती तुकडी. तिला आता वेगळं बसायचंय, तुला सांगायला लाजत असेल.’ त्याच दुपारी ती माझ्याकडे आली. तिला मी म्हटलं, ‘बयोला यंदा अभ्यास करायचाय, तिच्या मागे लागू नकोस हं.’ दोघींनाही मी अगदी प्रेमाने सांगितलं. तुम्ही दोघी मानी. एकमेकींना विचारलं असतंत तर पाच मिनिटांत माझं पितळ उघडं पडलं असतं. पण माझा शब्द खोटा असेल हे तुमच्या मनातही आलं नाही. तू नंतर महिनाभर डबा तसाच परत आणत होतीस. बाबा म्हणायचे, वाढीचं वय आहे, होतं असं. मीही मान हलवायचे.

आता त्यापुढचं. तिची हजेरी कमी का भरली? त्या वर्षी तिची आई अकरा दिवस रुग्णालयात होती आणि धाकट्या भावाला सांभाळायला ही घरी. तिच्या वडिलांनी तशी चिठ्ठी लिहून दिली होती. वर्गशिक्षिका मी. चिठ्ठी घेऊन मी तिला म्हटलं होतं, ‘काळजी करू नकोस, मी रजा मांडते.’ ती मी मांडली नाही. हजेरीपटात खाडाखोड केली नाही, खोटी सही केली नाही, फक्त ती चिठ्ठी जोडली नाही. इतकी वर्षं मी या ‘फक्त’वर निभावून नेलं. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी यादीवर न वाचता सही ठोकली, कारण माझ्या कामात कधी चूक सापडली नव्हती. शिट्टीने विचारलं तेव्हा ‘रजा मंजूर झाली नाही’ एवढंच तिला सांगितलं.

का केलं, म्हणशील. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की तिच्या नादाने तुझं लक्ष उडत होतं. ते खरं नाही. तिच्या नादानेच तर तू अभ्यास करायचीस. खरं असं की आठवीत ती पहिली होती आणि तू दुसरी, आणि शिक्षकखोलीत चहा पिताना कुणीतरी सहज म्हणालं, ‘बाईंच्या मुलीला सायकलवाल्याची पोर भारी पडली.’ सगळे हसले. मीही हसले. कप खाली ठेवला आणि तो हसण्याचा आवाज घेऊन घरी आले. बस, एवढंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मंगळवारी तिने मला विचारलं, ‘बयो बरी आहे ना? ती माझ्यावर कशाने रागावली होती, तुम्हाला तरी कधी बोलली का?’ सव्वीस वर्षांनी, काचेचं नळकांडं ब्रशने घासता घासता. आणि मी, सदुसष्ट वर्षांची बाई, म्हणाले, ‘अगं, लहानपणीचं काय धरून बसतेस!’ निघाले. फाटकापर्यंत गेले. रिकामी रिक्षाही समोर उभी होती. पण तिच्यात बसले नाही. परत जिना चढले आणि तिला सगळं सांगितलं. ती घासत राहिली. नळ वाहत होता, तो मीच बंद केला. मग तिने एकच विचारलं, ‘ती चिठ्ठी बाबांनी तीनदा लिहिली होती. बाईंना द्यायचीय, अक्षर नीट हवं म्हणून. कुठे आहे ती?’ मी म्हटलं, फाडून टाकली. तिने मान डोलावली. मी ‘मला माफ कर’ म्हटलं तेव्हा म्हणाली, ‘बाई, आत्ता नाही जमणार मला.’ पुढे विज्ञान मिळालं नाही म्हणून ती काय काय करत इथवर पोचली, ते तिने सांगितलं नाही आणि विचारायचा मला अधिकार नव्हता.

मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं ते तुझ्यासाठी. पुढच्या महिन्यात त्या प्रयोगशाळेचं रीतसर उद्घाटन तुझ्या हातून व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. शाळेची पहिली आलेली मुलगी, आता औषधांवर संशोधन करणारी. निमंत्रण सोबत आहे. मी शिट्टीला तेही सांगितलं. ती म्हणाली, ‘तिला आधी सगळं कळवा. फोनवर नको, लिहून. ते वाचून ती आली तर मी तिला दारात घ्यायला उभी राहीन. न कळता आली तर त्या दिवशी मी कामावर येणार नाही.’ म्हणून हे पत्र. तुझ्या पहिल्या नंबरासाठी मी काय केलं, हे तुला माझ्याच अक्षरात कळावं असं तिला वाटलं, आणि ते बरोबर आहे. तू ये. मी समारंभाला असावं की नसावं, ते तू ठरव. नको म्हणालीस तर घरी बसेन आणि कारण विचारणार नाही. पत्र टाकायला मी स्वतः जाणार आहे, कारण बाबांच्या हाती दिलं तर ते विचारतील एवढं काय लिहिलंस, आणि त्यांनाही हे अजून ठाऊक नाही. आधी तुला कळायला हवं होतं.

रागावलीस तरी तुझीच,
आई