तीन कौतुकांमागे एक तक्रार

तीर्थरूप मामा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (खरोखर ठेवलं असतं, पण मागच्या खेपेला ठेवलं तेव्हा माझं कपाळ तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला लागलं आणि आशीर्वादाच्या जागी जे कानावर आलं ते अजून विसरलो नाही.) गुडघा कसा आहे? मालिशवाला येतो का, की त्यालाही वेळ पाळत नाही म्हणून घालवलंत? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं, बरं वाटलं. आता तुम्ही त्यांना स्पष्ट दिसत असाल, तेव्हा जपून राहा. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तुम्ही शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालात, तपासनीसपणातून नाही, आणि लेखी नसलेलं काहीही तुम्ही ऐकल्यासारखं करत नाही. मागच्या महिन्यात भेटलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की आमच्या संस्थेचे अध्यक्ष रोज सकाळी तुमच्याबरोबर फिरायला असतात, त्यांच्या कानावर एक शब्द घालतो. कसला शब्द, तर माझ्या नववी ब मधल्या एका मुलीला क तुकडीत पाठवण्याचा. हिला आख्खी शाळा रेडिओ म्हणते, आणि या रेडिओला बंद करायचं बटण नाही. येत्या शनिवारी बैठकीत तिचा निकाल लागणार आहे. तेव्हा सगळी हकीकत लेखी कळवतो.

मुळात आमच्या मोठ्या बाई (म्हणजे मुख्याध्यापिका, मोठ्या हे पदाने, वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान) उन्हाळ्यात पाच दिवसांच्या कुठल्याशा शिबिराला गेल्या. माणूस शिबिराला गेला की एक पिशवी, एक बिल्ला आणि भलतंच शहाणपण घेऊन परत येतो. बाईंनी आल्या आल्या जाहीर केलं की आपल्या शाळेत शिस्त आहे पण समतोल नाही, आणि यापुढे समतोल आणायचा. समतोल म्हणजे काय, तर प्रत्येक शिक्षकाला दोन चिठ्ठीवह्या. हिरवी कौतुकाची, लाल तक्रारीची. एखाद्या मुलाची एक लाल चिठ्ठी फाडायची असेल तर आधी त्याच मुलाच्या तीन हिरव्या भरायच्या. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त हजेरी क्रमांक. हिरवी बाईंनी तपासली की घरी जाते, लाल बाईंकडेच राहते. तीन लाल झाल्या की तुकडी बदलायची की नाही ते बैठकीत ठरतं. म्हणजे मामा, ज्या मुलीने मला सळो की पळो करून सोडलंय तिला वर्गाबाहेर काढायला मला आधी तिचं नऊ वेळा कौतुक करणं भाग आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी शिबिरं घ्यावीत आणि चौतीस वर्षं खडू खाल्लेल्यांनी चिठ्ठ्या भराव्यात, असा हा काळ.

(घरी तुमच्या भाचेसुनेला ही योजना फार पटली. तेव्हापासून जेवणात मीठ जास्त झालंय असं म्हणण्याआधी मला तीन बऱ्या गोष्टी सांगाव्या लागतात. परवा दोन सापडल्या, तिसरी सापडेपर्यंत पान गार झालं.)

पहिली हिरवी चिठ्ठी मी अशी लिहिली : मुलगी दप्तर घेऊन शाळेत येते. बाईंनी ती परत पाठवली, खाली शेरा की कौतुक डोळ्यांनी पाहिलेलं आणि नेमकं असावं. आमचे खेळाचे सर, ज्यांना आम्ही शिट्टीवाले म्हणतो, त्यांना असले प्रश्न पडत नाहीत. त्यांनी एका दुपारी मैदानाच्या कट्ट्यावर बसून क तुकडीच्या सगळ्या मुलांच्या नावे ‘चपळ आहे’ अशा चिठ्ठ्या भरल्या, त्यात पाय प्लास्टरमध्ये असलेला एक मुलगाही चपळ निघाला. पण मला खोटं लिहवत नाही, हा तुमच्याच हाताखाली वाढल्याचा परिणाम. मग पाहायला लागलो. पाहायचं म्हणजे कामच झालं. पंचवीस मिनिटं नद्या शिकवायच्या आणि उरलेला तास त्या कारटीवर नजर ठेवायची, हिच्या हातून चुकून काही बरं होतंय का.

तर आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट पोचतो, ही एक चिठ्ठी झाली. (पोचतो म्हणजे काय, फाटकापर्यंत पोचतो.) फळा पुसताना कोपरेही पुसते, ही दुसरी. नकाशा काढताना खोडरबर शेजाऱ्याचं वापरते पण परत करते, ही तिसरी. आणि मग समाधानाने पहिली लाल फाडली : तासाला अखंड बडबड. पुढच्या तीन हिरव्या जमवताना मात्र मी तोंडघशी पडलो. एके दिवशी वर्गात शिरतो तर आतून माझाच आवाज. दाराशी थबकलो. रेडिओ फळ्यापाशी उभी, हातात डस्टर, टेबलावर डस्टर दोनदा आपटायचा आणि मग म्हणायचं, ‘तर मुद्दा असा’. पुन्हा दोनदा आपटायचा, पुन्हा ‘तर मुद्दा असा’. वर्ग हसून लोळत होता. मी असं कधीच करत नाही असं तिला सुनावलं, आणि सुनावण्याआधी टेबलावर हात दोनदा आपटला. दुसऱ्या दिवशी मनातल्या मनात मोजलं. अर्ध्या तासात एकोणीस वेळा ‘तर मुद्दा असा’. पुढे मोजलं नाही. नक्कल केल्याची लाल चिठ्ठी लिहायची तर हिरव्या कमी पडत होत्या, म्हणून नाइलाजाने हिरवी लिहिली : निरीक्षण अचूक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

याच सुमारास तिचे वडील शाळेत आले. बसवर ड्रायव्हर आहेत, अंगावर खाकी, हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेल्या माझ्या पाच हिरव्या चिठ्ठ्या. शिक्षकांच्या खोलीच्या दारात चपला काढायच्या की नाही या विचारात बराच वेळ उभे होते. मला वाटलं, आता हा माणूस आभार मानणार आणि माझी पंचाईत करणार. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “सर, नंबर चुकला तर नाही ना? घरी सगळ्यांना वाचून दाखवायच्या आधी खात्री करून घ्यावी म्हटलं.” मी नंबर बरोबर आहे म्हणालो. तर मुद्दा असा की (बघा, लिहितानाही येतंय) असल्या योजनांमुळे पालकांच्या डोक्यात भलत्या आशा शिरतात, आणि निस्तरायचं आम्ही.

दुसरी लाल मी कंपासपेटी पाडण्याबद्दल फाडली होती. ही मुलगी दर दोन दिवसांनी भर तासाला लोखंडी कंपासपेटी जमिनीवर पाडते. पेटीतलं सगळं वर्गभर पसरतं, ते गोळा करण्यात पाच मिनिटं जातात आणि मी चिडून उरलेलं वाचन स्वतःच उरकतो. आठवी हिरवी शोधताना माझ्या लक्षात आलं की पेटी वाटेल तेव्हा पडत नाही. तिच्या पुढच्या बाकावर एक मुलगी आहे, बोलताना अडखळते, आणि पेटी पडते ती त्या मुलीवर वाचायची पाळी आली की. मामा, हे मला सात महिन्यांत कळलं नाही. ज्या गोष्टीची लाल चिठ्ठी दिली तिचीच हिरवी द्यावी लागली, म्हणजे समतोल का काय तो साधला एकदाचा. बाईंनी त्या चिठ्ठीखाली ‘उत्तम’ असा शेरा मारला, मुलीला नव्हे, मला. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर मला उत्तम मिळालं आणि ते वर्गात पडणाऱ्या एका पेटीबद्दल.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे बाईंचं आधारवर्तुळ. शिक्षक दमला की मुलांवर भडकतो, म्हणून शिक्षकालाही कुणीतरी सावरावं, असं त्या म्हणतात. दर बुधवारी शेवटच्या तासानंतर आम्ही सगळे पहिलीच्या पोरांच्या खुर्च्यांवर गोल बसतो (मोठ्या खुर्च्या सभागृहातून हलवायला लेखी परवानगी लागते) आणि प्रत्येकाने आपल्याला काय जड जातं ते सांगायचं. शिट्टीवाले पहिल्याच बुधवारी उठले तर खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. ती काढायला दोघे लागले. मी दरवेळी सांगायचो की मला ही खुर्ची जड जाते. मागच्या बुधवारी मात्र काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं की मला नववी ब मध्ये जायची भीती वाटते. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, सोमवारचा एक तास मी घेते, तुम्ही तेवढा वेळ बसा. मी नको म्हणालो नाही. सोमवारी त्या तासाला मी खिडकीपाशी बसून चहा प्यालो आणि बरं वाटलं. (हा परिच्छेद मामींना वाचून दाखवू नका.)

असो. नऊ हिरव्या पूर्ण झाल्या आहेत. तिसरी लाल कोरी टेबलाच्या खणात आहे, शनिवारच्या आत भरून देतो. क तुकडीचे वर्गशिक्षक शिट्टीवाले आहेत, ते कुणालाही दोन मिनिटांत गप्प करतात. अध्यक्षांच्या कानावर एवढंच घालावं की मुलगी हलवावी आणि चिठ्ठ्यांचा हा पोरखेळ वर्षअखेरीला गुंडाळावा. शाळा सुधारायची तर मास्तरला शिकवू द्यावं, त्याला कौतुकं करत हिंडवू नये. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. : हे मंगळवारी लिहिलं आणि पोस्टात टाकायचं राहिलं. आज बुधवारी कळलं की मुलांनाही शिक्षकांबद्दल चिठ्ठ्या लिहिता येतात, नियम तोच, एका तक्रारीला तीन कौतुकं. बाईंनी माझ्या हातात चार ठेवल्या, सगळ्या हजेरी क्रमांक एकतीसच्या, म्हणजे रेडिओच्या. हिरव्या तीन : सर कधीच उशिरा येत नाहीत. सरांनी फळ्यावर काढलेला नकाशा पुसावासा वाटत नाही म्हणून मी आधी कोपरे पुसते. सर ‘तर मुद्दा असा’ म्हणतात तेव्हा पुढे खरंच मुद्दा येतो. आणि लाल एक, ती जशीच्या तशी उतरवतो : “सर हजेरी घेताना माझं नाव घेत नाहीत. माझा आवाज येतोय म्हणून तशीच खूण करतात. बाकी सगळ्यांची नावं घेतात.” हे खरं आहे. तीसनंतर मी थेट बत्तीसवर जातो. वेळ वाचतो. ही तक्रार करता यावी म्हणून त्या पोरीने माझ्याबद्दल तीन बऱ्या गोष्टी शोधल्या, आणि मला वाटतं तिला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला.

ता. क. दुसरा : गुरुवार. सकाळी हजेरीपट उघडला तर तिचं नाव वाचून बघावं लागलं. मला ते माहीत नव्हतं, मामा. नऊ चिठ्ठ्या लिहिल्या आणि माहीत नव्हतं. तीस झाल्यावर मी ते पूर्ण घेतलं, वडिलांच्या नावासकट. ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. मी थांबलो. शेवटी तिने नुसता हात वर केला. मग मी खूण केली आणि बत्तीसवर गेलो. मला स्वतःची लाज वाटली. लाल चिठ्ठी खणात कोरीच आहे, ती कोरीच राहील.

ता. क. तिसरा, आणि हाच महत्त्वाचा : अध्यक्षांना काही बोलू नका. बोलला असाल तर ते परत घ्या. भाच्याला अक्कल नाही असं सांगा, त्यांना पटेल, ते मला ओळखतात. वरची पानं फाडली नाहीत, कारण शिबिराबद्दल आणि त्या खुर्च्यांबद्दल माझं मत तेच आहे. पोस्टाने हे शनिवारच्या आत पोचणार नाही, म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. कोण ड्रायव्हर ते तुमच्या लक्षात आलं असेल. पाकीट दोनदा चिकटवलंय. त्यांनी विचारलं कशाबद्दल आहे, आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं की तुमच्या मुलीबद्दल. ते म्हणाले, “तुम्ही लिहिलंय म्हणजे चांगलंच असणार,” आणि खिशात ठेवलं. तेव्हा पत्र हातात पडताच आधी त्यांना पाणी द्या, आत जाऊन एकटे वाचा, आणि बोलला असाल तर लगेच अध्यक्षांकडे जा. ते दुपारी झोपतात असं ऐकतो. उठवा.