चष्म्याचा स्क्रू

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथे कशात जीव लागत नाही.

मी तपासतो ते कण इतके बारीक, की केसाच्या रुंदीत शेकडो बसतील. प्रत्येकात चुंबकत्वाचा एक भोवरा असतो; त्याचं टोक वर तरी असतं, नाहीतर खाली. शेजारशेजारच्या कणांची टोकं मला सगळी वरच दिसली. कण एकमेकांचं ऐकतात म्हणून आमचे प्रयोगशाळेचे सर हरखले! महिनाअखेरीच्या सभेत ते हेच मांडणार आणि त्यांच्या शब्दावर मला इथली नोकरी मिळणार.

पण परवा धडकी भरली. नमुना धरायच्या पट्टीचा पितळी स्क्रू हरवला होता, म्हणून मी जुन्या चष्म्याचा बसवला होता. तो निघाला लोखंडी. मग कणांनी ऐकलं कुणाचं, शेजाऱ्याचं की स्क्रूच्या चुंबकत्वाचं? सर म्हणतात, आता उकरत बसू नकोस.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
ढापण्या

११ मार्च

चि. ढापण्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अरे देवा, चष्म्याचा स्क्रू! तुझं पत्र वाचल्यापासून वर्गात फळ्यावर गणितं चुकतायत, पोरं हसतात.

हे बघ, सर म्हणतात तसं गप्प बस. हातातोंडाशी आलेला घास आहे. बाबांचं तुझ्या नोकरीबद्दल गल्लीभर सांगून झालंय. नसता शहाणपणा करशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही. जेवत जा वेळेवर. प्रेम आहे म्हणून ओरडते, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. राहवेचना गं. पितळी स्क्रू करून घेतला आणि पुन्हा सगळं तपासलं. टोकं कुणाची वर, कुणाची खाली, काही मेळच नाही. अगदी चिकटून असलेल्या जोड्यांत मात्र एक वर तर दुसरं खाली. म्हणजे आम्ही म्हणत होतो त्याच्या बरोब्बर उलट!

सरांना दाखवलं. त्यांनी कागद न बघताच परत दिले.

काल सभेत त्यांनी जुनंच मांडलं. टाळ्या झाल्या. कुणाला काही विचारायचंय का, असं अध्यक्षांनी म्हटलं आणि माझाच हात वर गेला. स्क्रूपासून सगळं सांगितलं. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नोकरीचं आता विसरा, हे बाबांना तूच सांग, माझी हिंमत नाही. बोलणार नाही म्हणाली होतीस, ते पुढच्या महिन्यावर ढकल. लोभ असू दे. सध्या जरा जास्तच लागेल.

तुझा,
ढापण्या