दुसरा इंजिनीअर

प्रिय आई,

जहाजावर फोन बंद ठेवायचा हुकूम आहे, म्हणून हा कागद. आज दुपारी आम्ही रौमा बंदराच्या धक्क्यावरून सुटतोय. वाट दाखवणारा पायलट शेवटच्या बेटापाशी उतरेल, त्याच्याकडे हे पत्र देईन. तुझ्या हातात पडेल तेव्हा बर्फ मागे पडून आम्ही उघड्या समुद्रात असू. घाबरलीस का, असं तू कधी विचारत नाहीस, तरी सांगते, घाबरले आहे. तिकडे उघड्या समुद्रात पेरलेले सुरुंग दोन जहाजांखाली फुटले, तेव्हा विमा कंपन्यांनी हात वर केले. शेवटी सरकारनेच विमा उतरवला. जहाज बुडालं तर दुसरं मिळेल, माणसांचं काय, हे इथे कोणी बोलत नाही. सगळे खाली मान घालून कॉफी पितात. आपली माणसं तुला ठाऊकच आहेत.

परवा फोनवर तू माझ्यावरच उखडलीस. तुझ्या औषधाच्या दुकानातलं इन्सुलिन संपत आलंय, शेजारपाजारच्यांना रिकाम्या हाती परत पाठवावं लागतंय. ‘तुम्ही जहाजं धक्क्याला बांधून त्यांचं काय लोणचं घालणार आहात का?’ म्हणालीस. मला हसू आलं, फोन ठेवल्यावर रडूही आलं. औषधं पलीकडच्या बंदरात तयार होती, जहाजही तयार होतं, अडलं होतं ते माणसासाठी. आमचा दुसरा इंजिनीअर लिवियू रुमानियाला परत गेला. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत, आणि हा देशही त्याचा नाही. माझी नजर चुकवत सामान भरत होता बिचारा. मीच जाऊन त्याला मिठी मारली. पण इंजिनावर दोघं असल्याशिवाय जहाज सोडता येत नाही. मग कचेरीने निवृत्त झालेल्यांना हाक दिली. ‘आता आजोबांची पलटण येणार, खिमट शिजवायला घेतो,’ असं आमचा स्वयंपाकी म्हणत होता. पलटण कसली, काल एकच जण आला.

आई, बाबा तुला सांगून गेले तसे बर्फावर मासे धरायला गेलेले नाहीत. ते खाली इंजिनापाशी आहेत. त्यांना शिडीवर पाहून मी जाम भडकले, आत्ताच्या आत्ता घरी जा म्हणाले. ‘दुसरं कोणी आलंय का?’ त्यांनी विचारलं. नव्हतं आलं. ‘मग ओरड नंतर. आणि तुझ्या आईला तूच सांग, माझी छाती होत नाही.’ आजोबा आणि मामा एकाच बोटीबरोबर बुडाले, तेव्हापासून एका घरातली दोघं एका जहाजावर नकोत, ही तुझी एकच अट होती. कप्तान म्हणून बाबांना नाही म्हणणं माझ्या हातात होतं. मी त्यांना ठेवून घेतलं. आमच्यावर हवं तेवढं रागव, पण आज घरी एकटी बसू नकोस. मावशीकडे जा.

तुझीच,
तुइरे