शून्य नंबरचे मास्तर

प्रिय डेर्लिस,

तुझा निरोप मिळाला. टेकडीवर चढून, रेंज शोधून पाठवलास आणि लिहिलंस काय, तर "मावशी, मी यंत्रांसाठीच घडलोय, लेकरांसाठी नाही. सत्र संपलं की शाळा सोडतो." फोन करावा तर तू टेकडीवर कधी असशील देव जाणे, म्हणून पत्र लिहायला बसले. मी अक्षरं शिकले ती बसच्या पाट्या वाचून, तेव्हा माझ्या लिहिण्यात थांबे फार. सांभाळून घे.

तू कॉम्प्युटरची पदवी घेऊन आलास त्या दिवशी मी बसथांब्यावर सगळ्यांना माझ्या भट्टीतला, एरवी विकायचा गरम चिपा-पाव फुकट वाटला होता. पुढे आसुन्सिओन शहरातली नोकरी सोडून तू त्या आडगावच्या शाळेत गेलास, तेव्हा ड्रायव्हर एउलालिओ अख्ख्या बसला ऐकू जाईल असं ओरडला, "काय मावशी, इंजिनियर भाच्याचा खडू झाला म्हणे!" मी म्हटलं, "झाला! तुझ्या पोरांना शहाणं करायचं तर कोणीतरी झिजायला नको का?" तेव्हापासून मुकाट चिपा घेतो आणि निघतो.

असो. मंगळवारी बसमधून एक बाई उतरली, कडेवर पोर, काखेत कोंबडी. पुढच्या गाडीला वेळ होता. मी तेरेरेचा गार पेला पुढे केला तशी बोलायला लागली. तुझ्या गावची सिप्रियाना निघाली. मी कोण ते काही मी सांगितलं नाही. म्हणाली, "आमच्याकडे नवे मास्तर आलेत. पहिल्याच दिवशी हजेरी मोजली ती शून्यापासून! कॉम्प्युटर तसंच मोजतो म्हणे. माझी नोएलिया रांगेत पुढे, तर तिचा नंबर शून्य. पोरगी रडत घरी. मी तडक शाळेत. म्हटलं, परीक्षा व्हायच्या आधीच माझ्या पोरीला शून्य कसं दिलंत?" तू फळ्यावर यंत्राचं गणित समजावत बसलास आणि तिने सुनावलं, "यंत्राला मोजू दे हवं तिथून. माझ्या घरात पहिलं लेकरू ते पहिलंच."

एवढं तू मला तेव्हाच कळवलं होतंस, अगदी मान खाली घालून. पुढचं मात्र गिळलंस. दुसऱ्या दिवशी तू रांगेच्या पुढे उभा राहिलास आणि म्हणालास, "शून्य मी. माझ्यानंतर तुम्ही." आता पोरं रोज आधी तुझ्याकडे बोट करून "शून्य!" ओरडतात, मग नोएलिया ऐटीत "एक" म्हणते. सिप्रियाना हे सांगताना अशी हसली की कोंबडी सुटली!

आणि तुला ठाऊकच नाही ते ऐक. तू तापाने पडलास त्या सकाळी मोठ्या बाई हजेरीला आल्या. रांग उभी, पण कोणी "एक" म्हणेना. बाई रागावल्या, तर नोएलिया म्हणाली, "शून्य आले नाहीत बाई. सुरू कुठून करायचं?" म्हणून ती सगळी फौज तुझ्या दारात आली होती. आणि तू मला लिहिलंस, पोरं सुट्टी मागायला आली! अरे वेड्या, पहिला घाणा माझाही करपला होता. म्हणून काय मी भट्टी मोडली?

आता पत्राचं खरं कारण. तुझा फोन लागेना म्हणून काल तुझ्या जुन्या कचेरीतल्या साहेबांनी मला फोन केला. जागा रिकामी झालीय, इंजिनियर मोकळे आहेत का, म्हणाले. तुझा निरोप पाहता "हो" म्हणायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "मोकळे नाहीत. शाळेत आहेत." त्यांनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "मास्तरांची मावशी." आवाज इतका चढला की एउलालिओने सुटलेली बस थांबवली. साहेबांचा नंबर मी भट्टीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलाय. निर्णय तुझा, राजा. मागशील त्या दिवशी देईन. आपणहून मात्र देणार नाही.

तुझीच,
पेरपेतुआ मावशी